शैवालाचे कवच आणि खर्चाचा हिशेब

सूक्ष्मशैवालापासून इंधन, पशुखाद्य, रंगद्रव्ये आणि पोषकद्रव्ये मिळविण्याच्या योजना अधूनमधून मोठ्या गाजावाजाने जाहीर होत असतात. शैवालात तेल किती, हे त्यांत तपशिलाने सांगितले जाते. ते पेशीबाहेर काढण्यास ऊर्जा किती खर्चावी लागते, याविषयी मात्र बहुधा मौनच असते. नारळात खोबरे आहे एवढ्याने भागत नाही. आधी करवंटी फोडावी लागते.

अमेरिकन सरकारने १९७८ मध्ये शैवाल-इंधनाचे संशोधन हाती घेतले आणि १९९६ मध्ये ते गुंडाळले. २००९ मध्ये एक्सॉनमोबिल कंपनीने याच कामी ६० कोटी डॉलरपर्यंत खर्चण्याची तयारी दर्शविली. २०२३ पर्यंत तिनेही अंग काढून घेतले. लागवडीचा खर्च हे यामागील मोठे कारण खरेच. परंतु काढणीनंतरचा खर्चही दुर्लक्षिण्याजोगा नाही. उघड्या तलावातील १,००० लिटर पाण्यातून कोरडे शैवाल मिळते ते जेमतेम किलोभर. पुढे पेशीची भिंत फोडण्यासाठी मण्यांची चक्की, उच्च दाब, श्रवणातीत ध्वनिलहरी, उष्णता, आम्ल अथवा एन्झाइम यांपैकी काही तरी योजावे लागते. यालाच पूर्वप्रक्रिया म्हणतात. तीत इंधनातून मिळणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा खर्ची पडला, तर चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, अशीच गत व्हायची.

शिवाय एकच उपाय सर्वांना लागू पडत नाही. बायोगॅससाठी उष्णता चालते. तीच नाजूक रंगद्रव्यांचा नाश करते. हिमॅटोकॉकसचे जाड कवच फोडल्याखेरीज त्यातील मौल्यवान लाल रंगद्रव्य हाती येत नाही. उलट, मिठागरांच्या तीव्र खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या ड्युनालिएलाला कठीण पेशीभित्तिकाच नसते. बीटा-कॅरोटीनसाठी त्याची व्यापारी लागवड ऑस्ट्रेलियात होत आली आहे.

मिठागरांचा वारसा सांगणाऱ्या गोमंतकाने यातून बोध घ्यावा. येथे अशी योजना पुढे आलीच, तर आधी उत्पादन ठरवावे, त्यास अनुरूप शैवाल निवडावे आणि पूर्वप्रक्रियेच्या ऊर्जेचा ताळेबंद जनतेपुढे मांडावा. मगच सार्वजनिक पैशाला हात घालावा. स्वस्त इंधनाच्या स्वप्नापायी मिठागरांच्या जमिनी अडकवून ठेवणे आम्हांस मान्य नाही. संशोधन अवश्य व्हावे. मात्र कवच फोडण्याची किंमत ठाऊक नसताना आतील तेलाचे भाव करण्यात शहाणपण नाही.