चुकांची वही



या उन्हाळ्यात माझी भाची आमच्याकडे राहायला आली आहे. तिला लॉ स्कूलला जायचे आहे, म्हणून जेवणाच्या टेबलावर तिचा एलसॅटचा सराव चालतो. ऑगस्ट २०२४ पासून या परीक्षेतला कोड्यांचा विभाग गेला आणि गुण धरले जाणाऱ्या तीन विभागांपैकी दोन आता तर्काचेच आहेत. पस्तीस मिनिटांत पंचविसेक प्रश्न. छोट्याशा उताऱ्यात कोणीतरी काही युक्तिवाद करतो. त्यातली खोट किंवा गृहीतक पाच पर्यायांतून ओळखायचे. "मावशी, तूही बस ना," म्हणाली, म्हणून एका रविवारी बसले. पीएचडी, शिवाय इतरांचे शोधनिबंध तपासण्याचा वीस वर्षांचा अनुभव. यात काय अवघड, असे मनात होतेच. सात चुकले.

सोडवण्यापेक्षा जास्त वेळ नंतर गेला. तिची पद्धत अशी: शंका असलेले प्रश्न, उत्तरे न बघता, घड्याळ न लावता पुन्हा सोडवायचे. मग उत्तरे ताडायची. दुसऱ्या खेपेला बरोबर आले तर पहिली चूक घाईची. दुसऱ्यांदाही तेच चुकीचे उत्तर आले तर घाईचा काही संबंध नाही, समजच चुकली आहे. मग वहीत लिहायचे की चुकीचा पर्याय मला बरोबर का वाटला होता. "सिली मिस्टेक" हे शब्द वहीत चालत नाहीत.

मला आमची चौथीची स्कॉलरशिप परीक्षा आठवली. बुद्धिमत्ता चाचणीच्या गाइडमध्ये उत्तरे मागे छापलेली असायची. आपण खुणा करायच्या, बेरीज करायची आणि बाबांना आकडा सांगायचा. ऐंशी आले की ऐंशीचे कौतुक. उरलेल्या वीसांकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. पुढे इंजिनिअरिंग-मेडिकलच्या रांगेत आपल्यापैकी बहुतेकांनी हेच केले.

माझ्या सातांपैकी चार चुका दुसऱ्या खेपेलाही तशाच राहिल्या. त्यातली एक अशी (प्रश्न माझ्या शब्दांत, सांगाडा तोच): ज्या शहरांनी ग्रंथालयांवरचा खर्च वाढवला तिथे गुन्हे कमी झाले, म्हणजे ग्रंथालयांमुळे गुन्हे कमी होतात. मी हा युक्तिवाद निर्दोष ठरवला. त्याच संचात एका आश्रमात प्रार्थनेला बसणारे रुग्ण लवकर बरे होतात असा उतारा होता. तो मी दहा सेकंदांत फोडला: जे मुळात चालू-फिरू शकतात तेच आश्रमात पोचतात! खोट दोन्हीकडे एकच होती. श्रीमंत शहरांकडे ग्रंथालयांना पैसा असतो, आणि त्यांचे गुन्हे कमी व्हायला इतरही कारणे असतात. भाची म्हणाली, "तुला निष्कर्ष आवडला, म्हणून तू कारणं तपासलीच नाहीस."

हे माझ्या एकटीचे नाही. १९८३ साली इंग्लंडमध्ये जोनाथन एव्हान्स आणि सहकाऱ्यांनी लोकांना तर्कदृष्ट्या चुकीचे युक्तिवाद दिले. निष्कर्ष पटण्याजोगा असला की ७१ टक्के वेळा तो मान्य झाला. न पटण्याजोगा असला की १० टक्के. मला हा प्रयोग माहीत होता. एका व्याख्यानात मी तो सांगितलाही आहे.

वहीने मला काही वर्षे मागे नेले. २०२३ साली कॅलिफोर्नियात जातिभेदविरोधी विधेयकावर, एसबी ४०३ वर, वाद चालू होता (गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबरमध्ये ते नाकारले). तेव्हा मी तुमच्यापैकी अनेकांना मेल पाठवली होती: अमेरिकेतल्या दर तीन दलितांपैकी दोघांना नोकरीत भेदभाव सोसावा लागतो. आकडा इक्वॅलिटी लॅब्जच्या २०१८ च्या अहवालातला, ६७ टक्के. पण तो उत्तर देणाऱ्या दलितांपैकी ६७ टक्के असा होता, आणि ते उत्तरदाते यादृच्छिक पद्धतीने निवडलेले नव्हते. अहवालात नसलेला "अमेरिकेतल्या दर तीन" हा शब्दप्रयोग मी जोडला. असा नमुना माझ्याकडे तपासायला आलेल्या शोधनिबंधात असता, तर मी तो निष्कर्ष एका ओळीत परत पाठवला असता.

उत्तरादाखल एका स्नेह्यांनी लिहिले होते, आकडा भरवशाचा नाही, म्हणजे इथे जातिभेद नाहीच; पंचवीस वर्षांत त्यांनी एकदाही पाहिला नाही. ही खोट मला तत्काळ दिसली होती. पुरावा कच्चा म्हणजे उलट बाजू सिद्ध, असे होत नाही. आणि ज्याला आडनाव लपवावे लागत नाही त्याने न पाहिलेले मोजणीत धरता येत नाही. अजूनही माझे तेच मत आहे. फक्त त्यांच्या पत्राचे पहिले अर्धे वाक्य बरोबर होते, आणि त्याला मी उत्तरच दिले नव्हते.

हे आता जाहीर कशाला, विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल, असे एका मैत्रिणीने सुचवले. मला तसे वाटत नाही. ज्यांनी त्या अहवालात आपबीती सांगितली, त्यांच्या बोलण्यावरचा विश्वास माझ्या फुगवलेल्या वाक्यामुळे कमी व्हावा, हे त्याहून वाईट. म्हणून त्या मेलमधले "दर तीन" हे वाक्य मी मागे घेते आहे; भेदभाव होतो हे म्हणणे मागे घेत नाही.

भाचीची परीक्षा जवळ आली आहे. तिच्या वहीतली शेवटची चार पाने माझी आहेत.