बोस्टनचा गुलाम आणि आपल्या वस्तीतला गोवर



लस कोणी शोधली, असं विचारलं की शाळेतली पोरं एडवर्ड जेन्नरचं नाव सांगतात. आमच्या नर्सिंगच्या पुस्तकातही तेच होतं. १७९६ साली त्याने गायीच्या देवीचा द्रव आठ वर्षांच्या जेम्स फिप्सच्या दंडावर टोचला. जेम्स माळ्याचा मुलगा. प्रयोगाला साहेबाचा नाही, कामकऱ्याचा पोरगा घेतला, हे आम्हाला कोणी शिकवलं नाही.

त्याच्या ७५ वर्षं आधीची गोष्ट तर पुस्तकात नव्हतीच. अमेरिकेत बोस्टनला ओनेसिमस नावाचा आफ्रिकन गुलाम होता. मालक कॉटन माथेर, पाद्री. देवी येऊन गेल्या का, असं मालकाने विचारलं. ओनेसिमसने दंडावरचा व्रण दाखवला. आमच्याकडे रोग्याच्या फोडातला द्रव जखम करून आत घालतात, मग मोठा आजार होत नाही, असं त्याने सांगितलं.

१७२१ मध्ये साथ आली. झॅबडिएल बॉयल्स्टन या डॉक्टरने सुमारे २४० माणसांना असं टोचलं. पहिल्यांत त्याचा स्वतःचा मुलगा होता, तसा घरातला गुलाम आणि गुलामाचा लहान मुलगाही. टोचलेल्यांपैकी ६ दगावले. न टोचता आजारी पडलेल्यांत सातांमागे एक गेला. तरी शहरातले बहुतेक डॉक्टर उलटले. गुलामांच्या सांगण्यावर विश्वास ठेवता का, अशी चेष्टा झाली. माथेरच्या घरात बाँबही फेकला गेला! हा माथेर काही समतावादी नव्हता बरं, माणसं विकत ठेवणाराच होता.

ती पद्धत धोक्याची होती. जेन्नरची त्याहून सुरक्षित. पण ज्ञान वरूनच खाली येतं, हे यातून खोटं ठरतं.

हे आठवायचं कारण गोवर. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीला लेकरं दगावली. घरोघरी फिरताना अजून ऐकते, ‘ताई, आमच्या पोरांवर प्रयोग नको.’ ही भीती खोटी नाही, वर लिहिलंच आहे. पण आज हीच लस साहेबाच्या नातवालाही देतात. दुसरं ऐकते ते ‘देवीचा कोप’. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे कसं चालतं?

गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. सरकारी केंद्रात फुकट. चुकला असेल तर पाच वर्षांपर्यंत देता येतो. लसीकरणाचं कार्ड हरवलं म्हणून घरी बसू नका, आशाताईंना सांगा.