आमचा शेरू चावत नाही म्हणे!

"डॉक्टर, आमचा शेरू कोणालाच चावत नाही." वाडीत हे वाक्य मी बहुतेक वेळा पोटरीत दात रुतलेल्या माणसाशेजारी उभ्या मालकाकडून ऐकतो.

राग येतो तो शेरूचा नाही. पिलू साधारण ३ ते १४ आठवड्यांचं असताना माणसं, मुलं, गाड्यांचे आवाज ओळखायला शिकतं. नेमके तेच दिवस तुम्ही त्याला गच्चीवर कोंडता, पुढे गोदामाच्या फाटकाला साखळीनं बांधता, वर म्हणता, "राखण करतो!" गुरगुरला की काठी. अहो, गुरगुरणं हा त्याचा इशारा आहे. तो मारून बंद केलात, तर पुढच्या वेळी थेट दातच लागतील. शेपूट हलते म्हणजे लाडात आलाय, असंही नाही. अंग ताठ असेल तर दूरच राहा.

निष्काळजी मालकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, हे किती जणांना ठाऊक आहे?

आणि चावलेल्यांनो, हळद-मिरची लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं जखम धुवा, त्याच दिवशी दवाखान्यात या. रेबीजची लक्षणं दिसल्यावर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. मालकानं लसीचं कार्ड दाखवलं, तरी इंजेक्शनचं मला ठरवू द्या.