चुकलेल्या चालकाचे वकीलपत्र

कात्रजच्या चौकात सकाळी साडेआठच्या सुमारास दहा मिनिटे उभे राहून पाहावे. साताऱ्याकडून येणारी वाहने, स्वारगेटकडे निघालेल्या बस, कॉलेजला चाललेल्या मुलांच्या दुचाकी, शाळेच्या रिक्षा, भाजीचे टेम्पो आणि या सगळ्यांतून वाट काढत रस्ता ओलांडणाऱ्या आज्या. या गर्दीतून बारा मीटर लांबीची बस काढणारा माणूस एका फेरीत किती निर्णय घेत असेल, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. त्यातला एक निर्णय चुकला, की मात्र हिशेब होतो. जमाव जमतो, काचा फुटतात, पोलीस येतात आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीच्या शेवटी एक ओळ असते : 'चालकाला निलंबित करण्यात आले आहे.'

त्यानंतरची हकिगत सहसा छापून येत नाही. दोषारोपपत्र निघते, खातेनिहाय चौकशी होते, बडतर्फीचा कागद हातात पडतो आणि तो माणूस युनियनच्या कार्यालयाची पायरी चढतो. मग घराघरांत विचारले जाते, ज्याच्या हातून माणसे गेली, त्याची बाजू युनियन घेतेच कशी?

हा प्रश्न रास्त आहे. ज्याच्या घरातले माणूस सकाळी डबा घेऊन गेले आणि परत आले नाही, त्याला कायद्याची कलमे सांगून समाधान मिळत नाही. पण प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. दोषी ठरलेला माणूस खरोखर किती दोषी आहे, हे ठरवायचे कोणी? मालकाने एकट्याने?

आपल्या कायद्याने याचे उत्तर पूर्वीच दिले आहे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात 1965 साली दुरुस्ती झाली आणि एकट्या कामगाराची बडतर्फी हाही औद्योगिक विवाद मानला जाऊ लागला. 1971 च्या दुरुस्तीने कलम '11-अ' आले. शिक्षा अपराधाच्या मानाने जास्त आहे असे वाटले, तर ती बदलण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला मिळाला. तो कायदा जाऊन आता औद्योगिक संबंध संहिता आली, तरी ही दोन्ही तत्त्वे तिच्यात कायम आहेत. कामगाराचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि शिक्षा अपराधाच्या मापाने असावी, एवढाच त्यांचा अर्थ. ते म्हणणे मांडायला युनियन उभी राहिली, तर ती गुन्ह्याला पाठीशी घालते असे म्हणणे म्हणजे आरोपीचा वकील चोरीत सामील आहे असे म्हणण्यासारखे आहे.

ही बाजू मांडण्याची गरज का पडते, याचे एक ठळक उदाहरण 17 जून 2024 चे आहे. पश्चिम बंगालमध्ये कांचनजंगा एक्स्प्रेसवर मागून मालगाडी आदळली. त्याच दिवशी रेल्वेच्या वरिष्ठांनी दोष मालगाडीच्या चालकावर ठेवला. तो चालक अपघातातच मृत्युमुखी पडला होता, उत्तर देणार कोण? इंजिनचालकांच्या संघटनांनी आक्षेप घेतला. पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत वेगळेच चित्र दिसले. स्वयंचलित सिग्नल बिघडले असताना चालकांना दिलेला परवानगीचा कागदच योग्य नव्हता आणि अशा वेळी काय करायचे याचे पुरेसे शिक्षणही दिलेले नव्हते. मेलेल्या माणसाच्या माथी दोष मारून फाइल बंद झाली असती, तर तोच सदोष कागद पुढच्या चालकाच्या हाती पडला असता.

भोपाळचा अनुभव तर याहून कडू. 1984 च्या डिसेंबरमध्ये वायूने हजारो माणसे मारली. कारखान्यातली शीतकरण यंत्रणा बंद होती, गळालेला वायू जाळून टाकणारी व्यवस्था जागेवर नव्हती. तरीही हा एका नाराज कामगाराने केलेला घातपात होता, असा पवित्रा युनियन कार्बाइडने घेतला. एका माणसावर बोट दाखवले, की बाकीच्यांचे हात झाकले जातात.

आपल्याच राज्यातली, मुंबईतली घटना पाहा. 9 डिसेंबर 2024 च्या रात्री कुर्ल्यात 'बेस्ट'ची भाडेतत्त्वावरची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली. किमान सात जणांचे प्राण गेले, चाळीसच्या आसपास माणसे जखमी झाली. चालकाला अटक झाली. त्याला पूर्वीचा अनुभव गिअरच्या बसचा होता आणि या मोठ्या स्वयंचलित बसचे प्रशिक्षण अगदी थोडे मिळाले होते, असे तपासात पुढे आले. चूक त्याची असेलही. पण त्याला त्या आसनावर बसवण्याचा निर्णय कोणाचा होता? अशा वेळी बस एका संस्थेची, चालक कंत्राटदाराचा आणि जबाबदारी कोणाचीच नाही, अशी अवस्था होते. पुण्यातही पीएमपीच्या ताफ्यात ठेकेदारांच्या बस आहेतच. कायम कामगाराच्या मागे निदान युनियन असते. ठेक्यावरच्या चालकाला बहुधा तीही नसते.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग युनियनने प्रत्येकाची नोकरी वाचवायचीच का? तर नाही. आणि इथेच आपल्या कामगार चळवळीने स्वतःला काही कठोर प्रश्न विचारायला हवेत.

सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये 'चोलन रोडवेज'च्या प्रकरणात तामिळनाडूतल्या एका बसचालकाची बडतर्फी कायम केली. अपघात कसा झाला हे घटनास्थळच बोलत असेल, तर निष्काळजीपणाचा वेगळा पुरावा शोधत बसण्याची गरज नाही, असा त्याचा मथितार्थ. असे प्रकरण युनियनने वर्षानुवर्षे लढवून, 'आपला माणूस' म्हणून त्याला पुन्हा चाकामागे बसवले, तर त्यात कामगारांचे हित कोणते? त्या बसमध्ये कंडक्टरही असतो. तोही कामगारच आहे. बसने जाणारी मोलकरीण, कारखान्यात निघालेला फिटर, कात्रज डेअरीत पहाटपाळीला जाणारा माणूस हेही कामगारच आहेत.

म्हणून फरक करायला शिकले पाहिजे. एक असते चूक. थकलेल्या, नीट न शिकवलेल्या किंवा नादुरुस्त गाडी हाती दिलेल्या माणसाकडून ती होते. दुसरी असते बेफिकिरी. दारू पिऊन किंवा मोबाईलवर बोलत गाडी चालवणे या सदरात येते. तिसरा असतो गुन्हा. 25 जानेवारी 2012 ला स्वारगेट आगारातून एसटीची बस पळवून एका चालकाने नऊ जणांचे प्राण घेतले, तो गुन्हाच होता. तिथेही न्यायालयात वकील मिळण्याचा हक्क त्याला होता, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीऐवजी जन्मठेप दिली. पण नोकरी परत मागण्याचा प्रश्नच नव्हता.

युनियनचा नियम असा असावा : चौकशी न्याय्य व्हावी, यासाठी प्रत्येकाच्या पाठीशी उभे राहायचे, नोकरीसाठी मात्र प्रत्येकाच्या नाही. चूक असेल तिथे बडतर्फीऐवजी प्रशिक्षण, बदली किंवा सौम्य शिक्षा मागावी. बेफिकिरी सिद्ध झाली, तर त्या सभासदाला स्पष्ट सांगावे की आम्ही तुझी थकबाकी मिळवून देऊ, तुझ्या हातात पुन्हा बस देण्याची मागणी करणार नाही. असे सांगणारा पुढारी पुढच्या निवडणुकीत कदाचित पडेल. पण युनियनचा शब्द समाजात वजनदार राहील तो अशाच माणसांमुळे.

याहून मोठे काम अपघाताआधीचे आहे. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, ही मर्यादा घातली. कामाचे तास, ब्रेकची तपासणी, नव्या गाडीचे शिक्षण यांवर किती युनियनांनी आगाराच्या दारात धरणे धरले? पगारवाढीसाठी बस थांबतात, झिजलेल्या टायरसाठी का थांबू नयेत? अमेरिकेत 1976 पासून वैमानिकांना अनवधानाने झालेली चूक मुदतीत कळवली, तर बहुतेक वेळा शिक्षा माफ होते. लपवलेल्या चुकीपेक्षा सांगितलेली चूक स्वस्त पडते, हे त्यामागचे शहाणपण. आपल्याकडे 'ब्रेक जरा कमी लागतो' असे सांगणारा चालक कामचुकार ठरतो.

कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार पुणेकरांना चांगलाच ठाऊक आहे. 20 नोव्हेंबर 2022 ला तिथे एका अवजड वाहनाने कित्येक गाड्यांना धडक दिली. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद केले होते, असे प्राथमिक तपासात सांगितले गेले. तसे असेल, तर चालकाला शिक्षा व्हायलाच हवी. पण चार पैशांच्या डिझेलसाठी माणूस जीव का धोक्यात घालतो, हे विचारणारे कोणी नसेल, तर त्याच्या जागी उद्या दुसरा येईल आणि उतार तोच राहील.

आज रविवार. उद्या सकाळी आपल्यापैकी पुष्कळजण कात्रजहून बस पकडतील आणि पुढच्या काचेमागे बसलेल्या माणसाच्या हाती स्वतःला सोपवतील. त्याची झोप पुरी झाली आहे का, त्याच्या गाडीचा ब्रेक कोणी पाहिला आहे का, हे आपण विचारत नाही. ते त्याच्या युनियनने विचारायचे असते. ते तिने रोज विचारले, तर चुकलेल्या चालकाचे वकीलपत्र घेताना तिला कोणासमोर मान खाली घालावी लागणार नाही.