क्रेडिट कार्डाचं बक्षीस येतं कोणाच्या खिशातून?

‘आजीवन मोफत कार्ड, वर पॉइंट आणि कॅशबॅक’ असे फोन आता तालुक्याच्या गावापुरते राहिलेले नाहीत, वाड्यावस्त्यांवरही येऊ लागलेत. फुकट काही मिळत नसतं, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. मग बँक हे पैसे आणते कुठून?

पहिली कमाई दुकानदाराकडून

कार्डावर १,००० रुपयांची खरेदी झाली की दुकानदाराच्या खात्यात पूर्ण हजार जमा होत नाहीत. कपात २ टक्के धरली तर ९८० रुपयेच येतात. त्या २० रुपयांतला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेचा. उरलेला मशीन देणारी बँक आणि व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांसारख्या नेटवर्कचा. बँक आपल्या वाट्यातले थोडे पैसे पॉइंट म्हणून ग्राहकाला परत देते. दुकानदार ही कपात मालाच्या भावात बसवतो, म्हणजे रोखीने घेणाराही त्यातला थोडा भार उचलतो. काही दुकानदार तर कार्ड बघताच २ टक्के जादा मागतात. तसं झालं तर १ टक्का कॅशबॅक मिळूनही ग्राहक तोट्यातच.

बँक खात्यातून होणारं यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड यांवर १ जानेवारी २०२० पासून ही कपात बंद आहे. त्यामुळे तिथे बँकेला दुकानदाराकडून काही मिळत नाही. २०२२ पासून मात्र रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. स्वाइप मशीन नसलेल्या किराणा दुकानातही क्यूआर कोडवर उधारी चालू लागली, ती यामुळे.

खरी कमाई थकबाकीतून

पूर्ण बिल वेळेवर भरणाऱ्याकडून बँकेला व्याज मिळत नाही. व्याज मिळतं ते फक्त ‘किमान रक्कम’ भरणाऱ्याकडून. अनेक कार्डांचा दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे वर्षाला ४२ टक्के.

हिशोब बघा. बिल २०,००० रुपयांचं आलं. किमान रक्कम ५ टक्के धरून १,००० भरले, बाकी राहिली १९,०००. महिन्याचं व्याज ६६५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी सुमारे १२० रुपये. एकूण ७८५. हजार रुपये भरून कर्ज कमी झालं फक्त २१५ रुपयांनी! त्याच २०,००० च्या खरेदीवर १ टक्क्याने मिळालेला कॅशबॅक होता २०० रुपये.

शिवाय बाकी राहिली की व्याज खरेदीच्या तारखेपासून लागतं आणि नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर शुल्क वेगळं आणि व्याज पहिल्या दिवसापासून.

या व्याजावर लगामही नाही. ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज अनुचित असल्याचं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल रद्द केला.

किसान कार्ड वेगळं

नावात ‘क्रेडिट कार्ड’ असलं तरी किसान क्रेडिट कार्डाची गोष्ट निराळी. तिथे ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला ७ टक्के व्याज, वेळेत फेडलं तर केंद्राच्या सवलतीने ४ टक्के. राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तेही शून्यावर येतं. पीक हातात आल्यावर परतफेड, हे त्याचं गणित. साध्या क्रेडिट कार्डाचं बिल मात्र दर महिन्याला येतं, कापूस घरात पडून असो की सोयाबीनला भाव नसो. ज्याच्या घरी पैसा वर्षातून दोनदा येतो, त्याची थकबाकी होण्याचा धोका मोठा.

कार्ड घेण्याआधी

- ‘आजीवन मोफत’ हे वार्षिक शुल्कापुरतं असतं. व्याजदर आणि उशिराचं शुल्क लेखी बघा.
- ग्राहकाच्या संमतीशिवाय बँकेला कार्ड देता येत नाही.
- बाकी पूर्ण भरून कार्ड बंद करायचा अर्ज दिला तर ७ कामकाजाच्या दिवसांत ते बंद व्हायला हवं. नाहीतर बँकेला दिवसाला ५०० रुपये दंड ग्राहकाला द्यावा लागतो.
- ओटीपी कोणालाही सांगू नका. फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा.

महिन्याला पगार येणारा आणि पूर्ण बिल भरणारा पॉइंट खुशाल घेतो. त्याच्या पॉइंटांचा खर्च दुकानदार आणि थकबाकीदार भागवतात. आपण यातले कोण होणार, हे सही करण्याआधीच ठरवलेलं बरं.