भांगेचं पान आणि दोन सरकारं

सिटी सेंटरहून स्कूटर काढली, की साधारण वीस मिनिटांत दोन सरकारी कार्यालयं गाठता येतात. फक्त दिशा वेगळ्या. मोतीमहालात मध्य प्रदेशच्या आबकारी आयुक्तांचं कार्यालय आहे (महाराष्ट्रात या खात्याला उत्पादन शुल्क म्हणतात, आपण सगळे आबकारीच म्हणतो). मुरारला मॉल रोडवर केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचं मुख्यालय आहे. मंदसौर-नीमचकडच्या अफूच्या शेतीवर देखरेख या ब्यूरोची, म्हणजे केंद्राची. होळीच्या ठंडाईतली भांग मात्र मोतीमहालाच्या अखत्यारीत, म्हणजे राज्याची.

आपल्याकडची तरुण मंडळी हल्ली विचारतात, की अमेरिकेत राज्यं गांजा खुला करतात, मग इथे भांगेचं दुकान परवान्यावर चालतं आणि गांजाला तुरुंग, हे कसं?

उत्तर 1985 च्या एनडीपीएस कायद्यात आहे. त्याआधी कित्येक राज्यांत गांजासुद्धा परवान्याच्या दुकानात मिळायचा आणि राज्याच्या तिजोरीत त्याचा कर जमा व्हायचा. 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केली होती आणि गांजाचा औषधाबाहेरचा वापर थांबवायला 25 वर्षांची मुदत होती. ती संपत आली तेव्हा संसदेने हा कायदा केला. पण व्याख्या करताना एक फट ठेवली. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्याविना नुसती पानं आणि बिया त्यात धरायच्या नाहीत. भांग पानांची होते. ती केंद्राच्या कायद्यातून सुटली आणि राज्यांकडे राहिली. एकाच झाडाचं पान मोतीमहालाचं, पण त्याच फांदीचा शेंडा सापडला तर एक किलोपर्यंतही वर्षभराची कैद होऊ शकते आणि 20 किलोच्या वर किमान दहा वर्षं.

राज्यांना आणखीही थोडी जागा आहे. औषध आणि संशोधनासाठी लागवडीला परवानगी देण्याचा अधिकार याच कायद्याने त्यांना दिला आहे, धागा आणि बियांसाठीही तरतूद आहे. उत्तराखंडने 2018 च्या सुमारास 0.3 टक्क्यांपेक्षा कमी टीएचसी असलेल्या भांगेच्या व्यापारी शेतीची वाट उघडली. हिमाचलच्या विधानसभेने 2024 मध्ये औषधी आणि औद्योगिक लागवडीच्या बाजूने समितीचा अहवाल स्वीकारला. बाकीची राज्यं मात्र हा अधिकार वापरायला बिचकतात. दिल्लीचा सूर गांजाबद्दल कडक आहे, आणि कोणत्याही मुख्यमंत्र्याला 'नशेचं सरकार' हे नाव नको असतं.

अमेरिकेचा घोळ वेगळाच आहे. तिथल्या 1970 च्या केंद्रीय कायद्याने गांजा देशभर बंद केला. कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी 2012 मध्ये तो मतदानाने खुला केला, 2023 अखेर अशी 24 राज्यं झाली. राज्याने परवानगी दिली तरी केंद्र कारवाई करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्येच सांगून ठेवलं होतं. मग दुकानं चालली कशी? 2013 मध्ये केंद्राच्या न्याय खात्याने सरकारी वकिलांना एक परिपत्रक पाठवलं, की राज्य नीट नियंत्रण ठेवत असेल तर तिकडे फारसं लक्ष घालू नका. जानेवारी 2018 मध्ये नव्या ॲटर्नी जनरलने ते रद्द केलं. कायद्यातला एक शब्दही बदलला नव्हता, बदलली ती मर्जी. बँका आजही या धंद्यापासून लांब राहतात, बराचसा व्यवहार रोखीने होतो. मला विचाराल तर आपली व्याख्येतली फट बरी, निदान ती छापलेली आहे.

आपल्या घराघरांतून मुलं शिकायला, नोकरीला तिकडे जातात, त्यांच्यासाठी हे नुसतं सामान्यज्ञान नाही. व्हिसा आणि नागरिकत्व केंद्राच्या हातात असतं. डेन्व्हरच्या परवानाधारक दुकानातून विकत घेतलेला गांजा ओढला, हे इमिग्रेशन अधिकाऱ्यापुढे कबूल केलं तर प्रवेश नाकारला जाऊ शकतो. नागरिकत्वाच्या अर्जातही ते आड येऊ शकतं, हे तिथल्या इमिग्रेशन खात्याने एप्रिल 2019 मध्ये लेखी स्पष्ट केलं आहे. राज्यात कायदेशीर होतं, ही सबब तिथे चालत नाही.

आणि हो, इतकं लांबही जायला नको. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि त्यात परवान्याशिवाय भांग बाळगणं गुन्हा आहे. होळीला पुण्याच्या आत्याकडे निघालात तर इथल्या ठेक्यावरची गोळी पिशवीत टाकू नका. ठंडाईचा मसाला न्या, बदाम जास्त घाला.