विमानानं पाऊस पळवला?

पेरणी साधली, पिकं गुडघ्याला लागली आणि ऑगस्टात पावसानं ताण दिला, की आपल्याकडे एक बोलवा हटकून उठते. विमान फिरलं आणि ढग पांगले. पारावर हीच चर्चा, हॉटेलच्या बाकड्यावर हीच, बाजारच्या एस.टी.त हीच आणि आता मोबाइलवरही हीच. कुणी म्हणतं, बागायतदारांनी पैसे भरून ढग फोडले. कुणी पवनचक्क्यांकडे बोट दाखवतं. पण गाडी शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबते: हे सगळं सरकार करतंय, आपल्याला मुद्दाम वाळवायचं ठरलंय.

अशाच एका कोरड्या भाद्रपदात माणदेशाच्या कडेच्या एका गावी गेलो होतो. बाजरी कणसातच करपलेली, तुरीची पानं मिटलेली. पारावर बसलेल्या आबांनी विषय काढला. "लिवा तुमच्या पेपरात. रोज सकाळी नवाला इमान जातंय, मागं पांढरा पट्टा सोडतंय. पट्टा पडला की ढग फाटलाच म्हणून समजा."

"आबा, पण सरकारला यातून मिळतं काय?"

"आता काय मिळतं! टँकरवाल्यांची पोटं भरत्यात की."

बसलेल्यांनी माना डोलावल्या. मग मी विचारलं, "गावाची पैसेवारी किती लागली?" कुणालाच माहीत नव्हतं. पैसेवारी समितीत गावातला कोण आहे, हेही कुणाला सांगता येईना. या प्रश्नाकडे पुढे येऊच. आधी विमानाचं बघू.

ही बोलवा हवेतून पडलेली नाही, हे पहिल्यांदा मान्य केलं पाहिजे. ढगात विमानं खरंच घातली गेली आहेत. २००३ साली राज्य सरकारनं कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. २०१५ आणि २०१९ साली तेव्हाच्या औरंगाबादेतून मराठवाड्यासाठी विमानं उडाली. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं सोलापूर परिसरात ढगांवर प्रयोग केले. म्हणजे ज्यानं "विमान बघितलं" असं सांगितलं, तो खोटं बोलत नव्हता. चूक आहे ती त्यापुढच्या उडीत.

ही विमानं ढगाखाली जाऊन मिठाच्या जातीचे क्षार सोडतात. सोलापूरच्या प्रयोगात कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या वापरल्या होत्या. त्या कणांभोवती ढगातलं पाणी गोळा होतं, थेंब मोठा होतो आणि खाली येतो. हे सगळं पाऊस पाडण्यासाठी असतं. आणि त्याचा आवाका किती? २०२३ साली या प्रयोगाचे निष्कर्ष छापून आले. त्यात सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या टापूत सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास जादा पाऊस मिळाल्याचं म्हटलं आहे. १०० चौरस किलोमीटर म्हणजे १० हजार हेक्टर, म्हणजे फार तर आठ-दहा गावांचं शिवार. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे. शिवाय आधी चांगला भरलेला ढग लागतो, कोऱ्या आभाळातून काही निघत नाही. दुष्काळात ढगच नसतात, म्हणून हा उपाय ऐन गरजेलाच तोकडा पडतो. ज्या तंत्राला आठ-दहा गावांत पाऊस थोडा वाढवताना एवढी यातायात पडते, ते तंत्र साऱ्या मराठवाड्याचा नि माणदेशाचा पावसाळा पळवून नेईल कसं?

आता आबांचा पांढरा पट्टा. ती प्रवासी विमानं असतात. मुंबईहून हैदराबादकडे, चेन्नईकडे जाणाऱ्या विमानांची वाट आपल्या डोक्यावरूनच आहे. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर कडाक्याची थंडी असते. इंजिनातून बाहेर पडणारी वाफ तिथं गोठते आणि बर्फाच्या बारीक कणांची रेघ उमटते. हिवाळ्यात सकाळी आपल्या तोंडातून वाफ दिसते, तसंच हे. वरची हवा कोरडी असेल तर रेघ लगेच विरते, दमट असेल तर पसरत राहते.

मग पट्टा दिसला की पाऊस जातो, असं का वाटतं? कारण साधं आहे. ज्या दिवशी आभाळ गच्च भरलेलं असतं, त्या दिवशीही विमान जातंच. पण ढगाच्या वरून जातं, आपल्याला दिसत नाही. आभाळ मोकळं असतं तेव्हाच रेघ दिसते. म्हणजे पाऊस नसतो म्हणून पट्टा दिसतो, आणि आपण हिशेब उलटा मांडतो. धोधो पावसाच्या दिवशी वरून किती विमानं गेली, याची नोंद पारावर कुणी ठेवत नाही.

पवनचक्क्यांचंही तेच. साताऱ्या-सांगलीच्या पठारांवर आणि धुळ्याकडे साक्रीच्या माळावर पाती फिरू लागली, तेव्हा हीच ओरड झाली होती. पण पाऊस देणारा ढग काही किलोमीटर उंच असतो, आणि पवनचक्कीचं पातं दीडशे मीटरच्या आगेमागे पोचतं. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात दहिवडीला पाचशेच्या आसपास. सह्याद्री चढताना ढग रिता होतो आणि आपण त्याच्या पाठीमागे पडतो. हा पर्जन्यछायेचा प्रदेश पहिली पवनचक्की उभी राहण्याच्या हजारो वर्षं आधीपासून इथं आहे. १८७६ चा दुष्काळ कोणत्या विमानानं आणला? १९७२ साली तर माणसं खडी फोडायला गेली, मिलो खाऊन दिवस काढले. तेव्हा पठारावर एकही पवनचक्की नव्हती.

२०१५ चा पावसाळा गेला, पुढच्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. या दोन्ही वर्षी प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापलं होतं. यालाच एल निनो म्हणतात. एल निनो आला की प्रत्येक वेळी दुष्काळ पडतोच असं नाही, पण पावसाळा लंगडण्याचा धोका वाढतो. पेरूच्या किनाऱ्यापर्यंत पसरलेल्या या गरम पाण्यावर मंत्रालयातून कुणाचा हुकूम चालत नाही.

आणखी एक गोष्ट व्यवहारानं तपासावी. रोज विमानं उडवून पाऊस पळवायचा, तर किती माणसं लागतील? वैमानिक, इंधन भरणारे, औषध बनवणारे, ते ट्रकमधून आणणारे, विमानतळावरचे कर्मचारी. त्यांतल्या निम्म्यांच्या घरी शेती असणार. इतक्या लोकांनी वर्षानुवर्षं तोंडाला कुलूप लावलं, असं मानायचं का? ज्या यंत्रणेला दहावीचा पेपर धड झाकून ठेवता येत नाही, तिला हे जमेल? आणि दुष्काळ पडला की टँकर, चारा छावण्या, कर्जमाफीची मागणी, मोर्चे आणि मतपेटीतला राग हे सगळं सरकारच्याच गळ्यात येतं. टँकरवाल्याचा धंदा होतो हे खरं. पण दुष्काळावर कमाई करणं वेगळं आणि दुष्काळ पाडणं वेगळं. पहिलं आपल्याकडे घडतं. दुसरं कुणाच्याही हातात नाही.

इतकं सांगूनही एक प्रश्न राहतो. माणसं असं का मानतात? खेडुताला अक्कल नाही म्हणून, असं शहरातले काही शहाणे म्हणतात. हे आम्हाला मान्य नाही. सरकारवर संशय घेण्याची कारणं सरकारनंच दिलेली आहेत. आणीबाणीत नसबंदीसाठी माणसं धरून नेल्याच्या आठवणी जुन्या लोकांच्या मनातून गेलेल्या नाहीत. १९७६ साली याच राज्याच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. पुढे पल्स पोलिओच्या थेंबांबद्दल "यानं पोरं वांझ होतात" अशी अफवा ठिकठिकाणी उठली, तेव्हा ती पसरायला ही जुनी भीती कामी आली. ती अफवा खोटीच होती. थेंब पाजत राहिलो म्हणून २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

सिंचनाचं घ्या. धरणांवर, कालव्यांवर हजारो कोटी खर्च झाले, आणि २०११-१२ च्या राज्याच्या आर्थिक पाहणीत आकडा निघाला, की दहा वर्षांत सिंचनाखालच्या क्षेत्राचा टक्का जेमतेम ०.१ नं वाढला. त्या आकड्यावर वाद झाला, आरोप झाले आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये सरकारला श्वेतपत्रिका काढावी लागली. दोषी कोण, हे ठरवणं न्यायालयाचं काम. पण एवढं सरकार हललं ते कशामुळं? पारावरच्या बोलवेमुळं नव्हे. सरकारच्याच पुस्तकातला एक आकडा लोकांनी धरून ठेवला म्हणून.

आता पुन्हा त्या गावी येऊ. पारावरून उठून आम्ही चावडीवर गेलो. पैसेवारीची यादी तिथल्या फळ्यावर लावलेली होती. गावाची पैसेवारी पन्नासच्या वर. समोर बाजरी करपून गेलेली आणि कागदावर पीक चांगलं! पन्नासच्या आत असती, तर जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, शेतीपंपाच्या बिलात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ, यांवर गावाला हक्क सांगता आला असता. ही पैसेवारी हंगामी, सुधारित आणि अंतिम अशी तीनदा निघते. गावातून एकही लेखी हरकत गेली नव्हती. आबा बराच वेळ त्या फळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी पाऊस वरनं न्हाई, हितनंच गेला की!"

आबांनी एका वाक्यात सगळं सांगितलं. विमानाचा आरोप सरकारला फार सोयीचा आहे. त्याला उत्तर द्यावं लागत नाही. अधिकारी गालात हसतो, "अडाणी लोक" म्हणतो आणि पुढच्या फाइलकडे वळतो. पण "आमच्या शिवारात पीक कापणी प्रयोग कोणत्या गटात केला, पंच कोण होते, वजन किती भरलं," असं लेखी विचारलं, की त्याच अधिकाऱ्याला खुर्ची पुढे ओढून बसावं लागतं. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यात आपलाच तोटा आहे.

पाऊस मोजण्याचं काम तरी नीट होतं का, हे किती गावांनी पाहिलं? राज्यात महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत. पिकविम्याचा आणि दुष्काळाचा हिशेब करताना तिथले आकडे लागतात. एका मंडळात कितीतरी गावं. ओढ्याच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे धूळ, हे आपण दरवर्षी बघतो. त्यात मापक झाडाखाली, भिंतीच्या आडोशाला असेल, तर आकडाच खोटा येणार. जवळपासची कुठलीही वस्तू मापकाच्या तोंडापासून जेवढी उंच असेल, तिच्या दुप्पट अंतरावर तरी मापक असावा, असा दंडक आहे. मंडळाच्या गावी जाऊन हे डोळ्यांनी बघायला कुणाची परवानगी लागत नाही.

तेव्हा शेतकरी बंधू-भगिनींनो, संशय जरूर घ्या, पण कागदावर घ्या. गावात एक साधा पर्जन्यमापक बसवा. शाळेतल्या पोरांकडून रोज सकाळी साडेआठला नोंद करून घ्या आणि मंडळाच्या आकड्याशी ताडून बघा. रोजचा मंडळनिहाय पाऊस कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मिळतो. पैसेवारी समितीत सरपंचाबरोबर गावचे शेतकरीही असतात. ते कोण आहेत हे विचारा, पीक कापणीच्या दिवशी बांधावर हजर राहा. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण हरकतीच्या अर्जाची पोच त्याच्याकडून पूर्वीसारखीच घ्यायची. उत्तर नाही मिळालं, तर १० रुपयांत माहितीचा अर्ज होतो आणि ३० दिवसांत उत्तर देण्याचं बंधन आहे.

आणि सरकारलाही सांगणं आहे. ढगात विमान घालायचं असेल तर आधी गावोगाव दवंडी द्या. कोणत्या दिवशी उडणार, काय सोडणार, पुढे पाऊस किती पडला, हे चावडीवर लावा. झाकून केलेल्या चांगल्या कामालाही वास येतो. लोक विश्वास ठेवत नाहीत म्हणून रडण्याआधी आपला हिशेब उघडा करा.

येत्या पावसाळ्यातही विमानं जातील, पट्टे उमटतील. त्यांच्याकडे खुशाल बघा. पण मान खाली आली, की चावडीवरचा फळाही वाचा. आपल्या ताटातलं जे जातं, त्याची नोंद बहुतेक तिथंच सापडते.